सिरिंजचा बॉइलचा प्रयोग दरवर्षी फसतो? आधी गुणाकार कोणत्या बाजूला सरकतो ते बघा

"मॅडम, हवा तं आहे नं आत, मंग गुणाकार शून्य काहून येऊन राहिला?"

अकरावीच्या प्रॅक्टिकलला एका मुलीनं हे विचारलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तोंड बंद केलेल्या सिरिंजच्या दट्ट्यावर वजनं वाढवत आतली हवा दाबायची आणि दरवेळी तिचं आकारमान वाचायचं, असा हा प्रयोग. तिच्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत वजन शून्य, म्हणून दाब शून्य, आणि शून्य गुणिले २० मिली म्हणजे शून्य. खालच्या ओळींत ५०८, ८०३, ९९८, ११३९. पुस्तकातला बॉइलचा नियम म्हणतो, तापमान तेच राहिलं तर ठरावीक हवेचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार तोच राहतो. वहीत मात्र तो उड्या मारत वर चाललेला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत हा प्रयोग दरवर्षी होतो आणि दरवर्षी असाच अडतो. आसपासच्या तालुक्यांतले शिक्षक भेटले की त्यांचंही हेच गाऱ्हाणं असतं. मग पुढच्या तासाला पोरं मागच्या बॅचची वही आणतात आणि त्यातला 'बरोबर' आकडा उतरवून मोकळी होतात. हे मला बघवत नाही, कारण त्या चुकलेल्या आकड्यांतच चूक कुठे आहे ते लिहिलेलं असतं. गुणाकार वाढतोय की कमी होतोय, वजन चढवताना आणि उतरवताना वेगळा येतोय का, हे बघितलं की बहुतेक बिघाड बसल्या जागी सापडतात.

आमची मांडणी आधी सांगते. मेडिकलमधून आणलेली २० मिलीची सिरिंज, सुई काढलेली. दट्ट्या २० वर आणायचा, मग तोंड एम-सीलनं बंद करायचं आणि ते पूर्ण कडक होईपर्यंत हात लावायचा नाही. सिरिंज स्टँडला उभी आवळायची, दट्ट्या वर. दट्ट्याच्या डोक्यावर लाकडाची छोटी फळी, आणि फळीवर किराणा दुकानातून मागून आणलेली लोखंडी वजनं. आमची फळी आणि दट्ट्या मिळून २५० ग्रॅम भरतात, म्हणून पहिल्या वेळी ७५० ग्रॅमच ठेवतो, म्हणजे बरोबर एक किलो होतो. फळीचं वजन धरायचं राहिलं तर सुरुवातीलाच आठ-नऊ किलोपास्कलची (किलोपास्कल हे दाबाचं एकक) चूक पडते.

दट्ट्याचं क्षेत्रफळ काढायला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं उपकरण) लागत नाही. सिरिंजवरच्या शून्यापासून २० पर्यंतच्या खुणांमधलं अंतर पट्टीनं मोजा. आमच्या सिरिंजवर ते ७ सेंटिमीटर भरलं. २० मिली म्हणजे २० घन सेंटिमीटर, भागिले ७, म्हणजे २.८६ चौरस सेंटिमीटर. त्यावर एक किलोचा भार म्हणजे ९.८ न्यूटन, म्हणजे ३४.३ किलोपास्कल दाब. दोन किलोला ६८.६, तीनला १०२.९, चारला १३७.२.

गुणाकार वजनाबरोबर वाढतच जातो

दहातल्या आठ वह्यांत हीच चूक असते. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. दट्ट्यावर वजन नव्हतं, पण आपल्या डोक्यावरची सगळी हवा तर होतीच. आमच्या गावाच्या उंचीवर हवेचा दाब साधारण ९७ किलोपास्कल असतो. २.८६ चौरस सेंटिमीटरच्या त्या इवल्याशा दट्ट्यावर तो २.८ किलोच्या वजनाएवढा भार टाकतो. म्हणजे पोरं पहिलं वजन ठेवतात तेव्हा तिथे आधीच जवळपास तीन वजनं ठेवलेली असतात, फक्त दिसत नाहीत.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी ते वर्गात करूनच दाखवते. दुसरी एक सिरिंज घ्यायची, दट्ट्या पार तळाशी दाबून आतली हवा काढून टाकायची आणि मग तोंड पक्कं बंद करायचं. सिरिंज उलटी टांगायची, दट्ट्या खाली. दट्ट्याला सुतळीनं पाच लिटरची रिकामी कॅन बांधायची आणि तांब्यानं तिच्यात पाणी ओतत जायचं. एक लिटर झालं, दोन झालं, दट्ट्या किंचित सरकून तिथेच थांबतो. वर्ग शांत होतो. अडीच लिटरलाही तो तग धरून असतो. कॅन आणि पाणी मिळून तीन किलोच्या जरा पुढे गेलं की तो सर्रकन खाली येतो. (खाली बादली ठेवा, नाहीतर वर्ग पुसत बसावं लागेल.) इतका वेळ ते पाणी कोणी धरून ठेवलं होतं, हे मग कोणाला सांगावं लागत नाही.

आता प्रत्येक ओळीत ९७ मिळवा आणि तोच तक्ता पुन्हा करा:

वजन नाही: दाब ९७, आकारमान २०, गुणाकार १९४०
१ किलो: दाब १३१.३, आकारमान १४.८, गुणाकार १९४३
२ किलो: दाब १६५.६, आकारमान ११.७, गुणाकार १९३८
३ किलो: दाब १९९.९, आकारमान ९.७, गुणाकार १९३९
४ किलो: दाब २३४.२, आकारमान ८.३, गुणाकार १९४४

एकही वाचन बदललेलं नाही. फक्त वरची हवा हिशेबात धरली.

खुद्द रॉबर्ट बॉइलनं १६६२ साली आपला तक्ता छापला, तेव्हा त्यात यासाठी वेगळा रकानाच ठेवला होता. इंग्रजी जे अक्षरासारख्या वाकड्या काचेच्या नळीत तो पारा ओतत गेला, आणि पाऱ्याच्या प्रत्येक उंचीत २९ पूर्णांक १ अष्टमांश इंच मिळवत गेला. तो होता त्या दिवशीचा हवेचा दाब. त्याच्या तक्त्यात हवा ४८ भागांवरून २४ वर आली तेव्हा दाब २९ पूर्णांक १ अष्टमांशावरून ५८ पूर्णांक १३ सोळांशांवर गेला. गुणाकार करून बघा: एक १३९८ येतो, दुसरा १४११.५. अगदी तंतोतंत नाही. शेजारी त्यानं नियमानुसार दाब किती यायला हवा होता तेही छापलं, आणि स्वतःची वाचनं जशी आली तशीच ठेवली. आमच्या मुलांना मी हा तक्ता फळ्यावर काढून देते.

९७ हा आकडा मात्र डोळे मिटून उतरवू नका. समुद्रसपाटीपासून दर शंभर मीटर उंचीला दाब साधारण एक-सव्वा किलोपास्कलनं उतरतो. उंच डोंगरावरच्या चिखलदऱ्याच्या शाळेत हाच प्रयोग केला तर ८९ च्या आसपासचा आकडा धरावा लागेल. आणखी एक फसगत म्हणजे मोबाईलवरच्या हवामानाच्या ॲपमधला दाब. तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, तुमच्या गावाचा नसतो. ज्या फोनमध्ये दाबाचा सेन्सर आहे त्यातलं थेट वाचन घ्यावं.

सेन्सर नसला तरी अडत नाही. हवेचा दाब तुमची वाचनंच सांगतील. एक किलोला १४.८ आणि चार किलोला ८.३ मिली आलं ना? हवेचा दाब 'ह' धरा. (३४.३ + ह) गुणिले १४.८ बरोबर (१३७.२ + ह) गुणिले ८.३. सोडवलं की 'ह' ९७.१ येतो. सिरिंज आणि किराण्याच्या वजनांवर गावाचा वायुदाब निघाला, हे पाहून पोरांचे डोळे चमकतात. या प्रयोगातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

तेच वजन, पण दरवेळी वेगळं वाचन

दोन किलो ठेवले, ११.१ आलं. काढून पुन्हा ठेवले, १२.४. इथे पोरं वैतागतात आणि मधला कुठलातरी आकडा लिहून टाकतात. हा रबराच्या घासण्याचा दोष आहे. दट्ट्याचं रबर नळीला घट्ट चिकटून असतं. वरून खाली येताना ते दट्ट्याला थोडं आधीच अडवतं, खालून वर जाताना वर जाऊ देत नाही. आमच्या सिरिंजमध्ये हे घर्षण नऊ किलोपास्कलच्या घरात निघालं, म्हणजे पाव किलोपेक्षा जरा जास्त.

यावर उपाय आहे. दोन किलो फळीवर ठेवल्यावर बोटानं दट्ट्या आणखी थोडा खाली दाबा आणि हळूच सोडा. तो वर येऊन थांबेल, ते वाचन लिहा. मग दट्ट्या थोडा वर उचला, हळूच सोडा. तो खाली येऊन थांबेल, तेही लिहा. दोन्हींची सरासरी घ्या. ११.१ आणि १२.४ ची सरासरी ११.७५, आणि हिशेबानं यायला हवं ११.७. एका बाजूनं घर्षण वर ढकलतं, दुसऱ्या बाजूनं खाली, म्हणून सरासरीत ते जवळजवळ फिटतं. दोन्ही वाचनं वहीत राहू द्या. परीक्षकानं विचारलं तर दोन आकडे का आहेत हे मुलाला सांगता आलं पाहिजे, आणि ज्यानं हातानं केलंय त्याला ते येतंच.

रबरावर ग्लिसरीनचा एक थेंब बोटानं फिरवला की घर्षण बरंच उतरतं. खोबरेल किंवा खायचं तेल लावू नका. त्यानं रबर फुगतं आणि दुसऱ्या दिवशी दट्ट्या जागचा हलत नाही. वजनं फळीच्या मधोमध ठेवा. एका बाजूला कलली तर दट्ट्या नळीला टेकतो आणि मग कितीही सरासरी काढली तरी उपयोग नाही. वाचन रबराच्या पुढच्या, नळीला टेकलेल्या कडेवर घ्यायचं, मधल्या टोकावर नाही. डोळा खुणेच्या समोर हवा.

वजनं उतरवल्यावर दट्ट्या २० वर परत येत नाही

आधी वरचीच युक्ती करा: दट्ट्या किंचित वर ओढून सोडा आणि दाबून सोडा. सरासरी २० आली तर ते घर्षणच होतं. सरासरी १८ वर अडली तर हवा निसटली. गळती असली की गुणाकार वजनाबरोबर कमी कमी होत जातो, आणि जितका वेळ थांबाल तितका आणखी कमी होतो.

गळती शोधायची रीत आपल्या प्रत्येक गावात आहे. एसटी स्टँडवरचा पंक्चरवाला भाऊ ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो, तसंच. तोंड पाण्यात बुडवून दट्ट्या जोरात दाबा. बुडबुडा तोंडाशी दिसला तर एम-सील पुन्हा लावा. तोंडाशी काही नाही आणि तरी हवा जाते, तर ती रबराच्या कडेनं जाते आहे. अशी सिरिंज बाजूला ठेवून नवी घ्या, तिच्यावर वेळ घालवू नका.

सगळं ठीक, तरी आकडे हळूहळू सरकतात

मग तापमानाकडे बघा. नियमात 'तापमान तेच असताना' हे शब्द उगाच नाहीत. हवा झटकन दाबली की ती तापते. वजन ठेवल्या ठेवल्या वाचन घेऊ नका, अर्धा-एक मिनिट थांबा, आतली हवा खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सिरिंज तळहातात धरून वाचन घेणारी मुलं तर प्रत्येक वर्गात असतात. हाताच्या उबेनंही फरक पडतो.

आणि आपल्याकडचं ऊन! आपल्या विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात ते त्याच्याचमुळे. टिनाच्या छपराखाली सकाळी २७ अंश असलेली खोली दुपारी ४२ वर गेली, तर त्याच दाबाला २० मिली हवा २१ मिली होते. सकाळी अर्धा तक्ता आणि दुपारच्या सुट्टीनंतर उरलेला, असं केलं की गुणाकारात पाच टक्क्यांची उडी दिसणारच. एका बैठकीत, सकाळच्या तासाला, खिडकीपासून दूर सगळी वाचनं उरकावीत. ते जमत नसेल तर सिरिंजचा खालचा भाग पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवा. पाणी लवकर तापत नाही.

पावसाळ्यात वेगळीच एक गोम असते. मुलं सिरिंज धुऊन आणतात आणि आत पाण्याचा थेंब राहतो. आतली वाफ हवेसारखी वागत नाही. दाबलं की तिचं पाणी होतं आणि तिचा दाब आहे तेवढाच राहतो. ३० अंशांना तो ४.२ किलोपास्कल असतो. हवा निम्म्यावर आणली की गुणाकार दोनेक टक्क्यांनी कमी भरतो. नळीच्या आतल्या बाजूला बारीक धुकं दिसलं तर समजा हेच आहे. सिरिंज उघडून सावलीत वाळवा.

वजनांऐवजी गेज लावलं, तर गुणाकार घसरतो

विज्ञान प्रदर्शनासाठी काही मुलं हवा भरायच्या दुकानातलं जुनं गेज (हवेचा दाब दाखवणारं मीटर) मागून आणतात आणि प्लास्टिकच्या नळीनं ते सिरिंजला जोडतात. आम्हीही केलं. गेजवर पाउंडांत, म्हणजे दर चौरस इंचाला किती पाउंड, असे आकडे असतात, एक पाउंड म्हणजे ६.९ किलोपास्कल. पहिली खबरदारी तीच जुनी: नुसतं टेबलावर पडलेलं गेज शून्य दाखवतं, पण त्याच्याभोवती ९७ किलोपास्कल आहेतच. 'टायरमध्ये ३० पाउंड हवा' याचा अर्थ बाहेरच्या हवेपेक्षा ३० पाउंड जास्त.

(हाताने हवा भरायच्या दोन लिटरच्या छोट्या फवारणी पंपाचंही गणित हेच. काठोकाठ पाणी भरलं तर वर हवेला जागाच उरत नाही. समजा वर पाव लिटरच हवा आहे आणि ती बाहेरच्या हवेच्या चौपट दाबाला आहे. पाव लिटर फवारलं की हवेचं आकारमान दुप्पट होतं, दाब निम्म्यावर येतो आणि तुषाराची धार होते. हवेला अर्धा लिटर जागा सोडली तर तोच दाब उतरायला अर्धा लिटर फवारावं लागतं. घरी मिरचीवर, वांग्यावर मारताना करून बघा.)

९७ मिळवूनही आमचे आकडे असे आले: २० मिलीला ९७, म्हणजे १९४०. १० मिलीला १७१.६, म्हणजे १७१६. ५ मिलीला २७८.९, म्हणजे १३९५. गुणाकार सारखा उतरतोय. गळती वाटली म्हणून सगळं पाण्यात बुडवून पाहिलं, एक बुडबुडा नाही. दट्ट्या सोडला की तो २० वर परत येतो. म्हणजे हवा कुठे जात नव्हती.

मग मुलांना आलेख काढायला लावला. उभ्या अक्षावर सिरिंजवरचं आकारमान आणि आडव्या अक्षावर एक भागिले दाब. तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत बसले. ती रेषा शून्यातून जायला हवी होती, पण पट्टी ठेवून मागे वाढवली तर उभ्या अक्षाला शून्याच्या खाली, उणे ३ वर छेदून गेली. उणे तीन मिली हवा! त्याच मुलीनं पुन्हा विचारलं, "मॅडम, हवा उणे कशी असन?"

हवा उणे नव्हती. आपण ती तीन मिलीनं कमी मोजत होतो. सिरिंजवरच्या खुणा फक्त सिरिंजमधली हवा सांगतात, पण जोडलेली प्लास्टिकची नळी आणि गेजचं पोट यातही हवाच भरलेली असते आणि तीही दाबली जाते. प्रत्येक वाचनात ३ मिळवले: २३ गुणिले ९७ म्हणजे २२३१, १३ गुणिले १७१.६ म्हणजे २२३१, ८ गुणिले २७८.९ म्हणजे २२३१.

तिला तेवढ्यावर समाधान नव्हतं. नळी गेजपासून सोडवली, काठोकाठ पाणी भरलं आणि ते पाणी दुसऱ्या एका छोट्या सिरिंजमध्ये ओढून घेतलं. मग गेजच्या तोंडात पाणी सोडून ते जिरतं किती तेही मोजलं. दोन्ही मिळून खूण तीनच्या रेषेला टेकली. "बरोबर येऊन राहिलं," ती म्हणाली, आणि वहीतल्या उणे तीनच्या शेजारी नळीचं चित्र काढायला बसली.